शोधून झालेली जागा

"जावईबापू, नक्की इथेच बसला होतात?"

"इथेच हो, बाबा. पायऱ्यांसमोर. ऑफिसची सगळी मंडळी होती." जावयाने बुटाच्या टोकाने वाळू उकरली. "राहू द्या ना आता. नवीन अंगठी घेऊ."

"लग्नातली आहे ती," मुलगी म्हणाली. "आणि बाबांचं मशीन काय शोभेला ठेवलंय?"

बाबांनी हेडफोन चढवले. त्यांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. सुट्टी मिळाली की मात्र धातू शोधायचं मशीन घेऊन ते किनाऱ्यावर येत. मागे फावडं ओढत ही मुलगी. चालता चालता ते तिला शिकवत: मशीन वाट्टेल तिथे फिरवलं तर नुसते हात भरून येतात. आधी माणसं बघायची. कुठे बसतात, कुठे कपडे बदलतात, कुठे आडवी होतात. एकदा उभी-आडवी फिरवून झालेली जागा रिकामी समजायची. आणि खड्डा खणला तर बुजवायचा, कुणाचा तरी पाय मुरगळतो.

पायऱ्यांसमोरची वाळू त्यांनी उभी फिरवली, आडवी फिरवली. बाटल्यांची बुचं निघाली.

"मशीन म्हातारं झालं वाटतं, तुमच्यासारखं," मुलगी हसली. जावई मोबाइल बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एकटेच आले. भरतीचं पाणी पायऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि सोनं जड. पडलं तिथेच रुतून बसतं. शिवाय ती अंगठी इतकी घट्ट, की साबण लावल्याशिवाय निघत नाही म्हणून मुलगी नवऱ्याला चिडवायची. म्हणजे गळून पडलेली नाही. काढलेली.

माणूस अंगठी काढून कुठे ठेवेल?

बाबांनी किनाऱ्यावर नजर फिरवली. अगदी टोकाला खडक होते. जोडपी जगाकडे पाठ करून बसत ती जागा. तिकडे जायला पाय निघेनात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वस्तू सापडू नये असं मनात म्हणत मशीन फिरवलं.

ते वाजलं.

अंगठीच्या आत लग्नाची तारीख होती. मुलीनेच हौसेने कोरून घेतलेली. खड्डा बुजवून बाबांनी ती खिशात टाकली.

संध्याकाळी दोघं आली तेव्हा बाबांनी मशीन मुलीच्या हातात दिलं. "आज तू फिरव. माझा खांदा धरलाय."

पायऱ्यांसमोर थोडं फिरवताच मशीन वाजलं. मुलीने फावडं मारलं आणि वाळूतून अंगठी उचलली.

"इथे?" जावयाच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हीच दाखवलीत ना जागा?" बाबा म्हणाले.

जावई बुटाने वाळू उकरू लागला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काल इथे उभं-आडवं झालं होतं, बाबा."

"राहिली असेल एखादी पट्टी."

"तुमच्याकडून?"

बाबा हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. ती आधीच नीट गुंडाळलेली होती.

जावयाने बोट पुढे केलं. तिने अंगठी बोटात घातली नाही. त्याच्या तळहातावर ठेवली. मग गुडघे टेकून तिने खड्ड्यात वाळू लोटली आणि हाताने थोपटत, कुणाचा पाय मुरगळू नये इतकी, सपाट केली.