डाव्या कोपऱ्यातली रेघ

मी एक जुनी बंपर लिप आहे. मित्रांनो, गाडीच्या पुढच्या बंपरखाली रुबाबासाठी काळी पट्टी लावतात ना, ती मी. आता दोन तुकड्यांत वेस्ट मांबलमच्या एका गच्चीवर पडून आहे.

माझा जन्म २००६ सालचा, अंबत्तूरच्या वेंकोबांच्या कारखान्यातला. लोक मला डुप्लिकेट म्हणत आणि मला राग येई. पण खोटं कशाला बोलू? अपघातात मोडलेल्या एका गाडीची अस्सल लिप वेंकोबांनी भंगारातून आणली, तिचा साचा काढला आणि त्यात फायबरचे थर बसवून मला घडवलं. तिच्या डाव्या कोपऱ्यात केसासारखी रेघ होती. ती माझ्यातही उतरली. तिच्याबरोबर आणखीही काही उतरलं. मी कधीच न पाहिलेलं मला आठवू लागलं. रस्त्यावर पांढरा गर, त्यात कालवलेलं कुंकू, आडवी पडलेली स्कूटर आणि एक हिरवी चप्पल. चप्पल रिकामी होती.

सिरुसेरीला नोकरी करणाऱ्या श्रीवत्सला अस्सल लिप परवडत नव्हती, म्हणून त्यानं मला हौसेनं बसवून घेतलं. वेंकोबांनी रेघेत पुट्टी भरून रंग मारला. आठवड्याभरात रेघ पुन्हा वर आली. तीनदा रंगवली, तीनदा आली. गल्लीतली मुलं माझं कौतुक करत तेव्हा मी सुखावे, पण रेघेवर कुणाचं बोट फिरलं की मला ती चप्पल दिसे. फार भीती वाटे.

श्रीवत्सच्या आईनं, महालक्ष्मीबाईंनी, ती रेघ पाहिली.

"गाडीला दृष्ट लागलीय रे. यंदा आयुधपूजेला मोठा कोहळा फोडू."

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी मला गंध-कुंकू लागलं, वर हार चढला. श्रीवत्सची बायको रम्या केळी आणायला स्कूटरवरून स्टेशनाकडे निघाली. सणासाठी तिनं नव्या चपला घातल्या होत्या. हिरव्या. त्या पाहून मी गारच पडले.

श्रीवत्सनं कोहळ्यावर कापूर पेटवला, गाडीवरून ओवाळला आणि गल्लीच्या वळणावर आपटला. पांढरा गर उडाला, आत भरलेलं कुंकू पसरलं. माझ्या आठवणीतलं सगळं एकेक करून समोर मांडलं जात होतं. मला ओरडता येत नव्हतं. चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी पुढे निघाली. कोहळ्याचं एक मोठं भकल माझ्यासमोर आलं. मी अंग ताठ केलं आणि बरोब्बर त्या रेघेवर मोडले.

"अय्यो! काय झालं रे?" महालक्ष्मीबाई ओरडल्या.

श्रीवत्स घाईनं उतरला आणि गरावरून घसरून बदकन खाली बसला. त्याची नजर वळणाकडे गेली.

"अम्मा, हे आत्ताच काढतों. रम्या याच वाटेनं येणार नां!"

"हात लावू नोको! काढलेली दृष्ट परत येईल."

"सरी, येऊं दे. माझ्यावर येऊं दे."

त्यानं माझाच लांब तुकडा उचलला आणि गर, भकलं, कुंकू सगळं गटाराकडे ओढू लागला. इतक्यात वळणावर हॉर्न वाजला. उरलेल्या ओलाव्यावर स्कूटरचं चाक हललं, डगमगलं. हिरवी चप्पल रस्त्यावर टेकली. तिच्यात पाय होता.

"काय करालांत हे, रस्त्यात बसून?" रम्यानं विचारलं.

श्रीवत्सनं शेवटचं भकल गटारात ढकललं. महालक्ष्मीबाई आत गेल्या आणि बादली-झाडू घेऊन आल्या. रस्ता त्यांनी स्वतः धुतला.

तेव्हापासून ती आठवण मला आली नाही. पण मित्रांनो, तो साचा अजून अंबत्तूरला आहे आणि त्यातून माझ्या बहिणी निघताहेत. दृष्ट खुशाल काढा, पण फोडलेला कोहळा रस्त्यावर टाकून घरात जाऊ नका. आणि एखाद्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यात रंगाखालून वर आलेली रेघ दिसली, तर ती पुट्टीनं बुजवू नका. तिला कुणाची तरी चप्पल दिसत असेल.