रविवारचे दोन आकडे

"चिमे, बस गं एका जागी! डोकं फिरवू नकोस माझं," मी म्हटलं, आणि त्याच ओळीत तिसऱ्यांदा चुकीचं बटण दाबलं.

एकोणीस वर्षं मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं टाइप करतेय. नाव बदलल्याची, कागद हरवल्याची, पत्ता चुकल्याची. शेवटची ओळ तर झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेन. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. लोक तिथवर वाचतच नाहीत. "सही कुठे करू?" विचारतात, मी बोट ठेवते, संपलं. आज मात्र समोर माझी सख्खी धाकटी बहीण येरझाऱ्या घालत होती आणि माझी बोटं माझं ऐकेनात.

धाकटी लसीकरण केंद्रात नर्स आहे. तान्ह्या बाळांना डोस देते. लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहायचं, हेही तिचंच काम. आकडा दोन ते आठच्या मध्ये हवा, वर गेला की लस वाया गेली म्हणून समजा. आता रविवारी केंद्र बंद असतं, पण वहीत रविवारचेही दोन रकाने आहेत. म्हणजे सुटीच्या दिवशी नुसता आकडा बघायला दोन हेलपाटे. मग शनिवारी निघतानाच रविवारचे आकडे लिहून मोकळं व्हायचं. चार आणि चार. तिला हे आधीच्या सिस्टरनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्या सिस्टरनी. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलासुद्धा वाटलं नसतं.

गेल्या रविवारी केबलच्या कामासाठी त्या भागातली लाईट सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बंद होती. वहीत चार आणि चार. सोमवारी तिने कुलूप काढलं तेव्हा फ्रिज व्यवस्थित चालू होता, आकडा पाच. तिने सत्तावीस बाळांना डोस दिले, तेवढ्यात तो साठा संपला, आणि ती घरी आली. आणि आज, शुक्रवारी, आरोग्य खात्याच्या वरच्या ऑफिसचं पत्र आलं. रविवारचं तापमान स्वतः पाहून नोंदवलं असं प्रतिज्ञापत्र संध्याकाळी पाचपर्यंत द्या, नाहीतर सोमवारच्या सगळ्या मुलांना परत बोलवावं लागेल. तिला नोकरीत कायम व्हायला दोन महिने राहिलेत. घरात चार माणसं तिच्या एकटीच्या पगारावर. सव्वातीन वाजले होते.

साहेब आतून आले, वहीची झेरॉक्स उचलून बघत राहिले. "दीड वर्ष दर रविवारी चारच? तुमच्या फ्रिजलाही सुटी असते वाटतं."

कोणी हसलं नाही.

"लाईट गेली हे मला कुठे माहीत होतं?" धाकटी म्हणाली. "मी खोटं नाही बोलले, साहेब. चूक झाली."

"लाईट गेल्याचं माहीत नव्हतं, कबूल. पण आपण आकडा बघितलेला नाही, हे तर माहीत होतं ना?"

ती खुर्चीवर बसली आणि लगेच उठली.

"चुकीचं बोलणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं," साहेब सावकाश म्हणाले. त्यांचं हे सावकाश बोलणं मला एरवी आवडतं, आज नुसता संताप आला. "चुकीचं माणूस नकळत बोलतो. खोटं म्हणजे ठाऊक असून बोललेलं. वहीबद्दल तुमची खात्याकडून चौकशी होईल, नोकरी जाईल किंवा राहील. पण हेच शपथेवर लिहून दिलंत, तर तो सरळ गुन्हा. कैद होऊ शकते."

"पण पकडणार कोण?" मी मध्येच तोंड घातलं. "फ्रिज काय साक्ष द्यायला येणार आहे?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बहुतेक कोणीच नाही," ते म्हणाले. "पण मला आता कळलंय. माझ्या ऑफिसातून हा कागद जायचा नाही. खालच्या मजल्यावर पाच मिनिटांत करून देतात. तिथे जाणार असाल तर मी काही दारात आडवा पडणार नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"मोठे आले!" मी पुटपुटले. पगार देतात म्हणून, नाहीतर दाराला ऐकू जाईल असं बोलले असते. मी मजकूर पुरा केला, कागद काढला, पर्स उचलली. "चल. खाली ओळख आहे माझी."

"ताई, पण लस खरंच खराब झाली असेल तर?"

"नसेल झाली! दार बंद होतं ना फ्रिजचं? राहतो तेवढा गारवा. तूच म्हणालीस, सोमवारी पाच होता."

"लाईट आल्यावर रात्रभरात झाला असेल पाच. दुपारी किती होता?"

"ते देवाला माहीत."

"तेच तर. आणि मी लिहिलंय चार."

मला असा राग आला म्हणून सांगू! तिचा, साहेबांचा, त्या केबलवाल्यांचा, रविवारचा. "अगं बयो, पोरांना काही त्रास झालाय का? कोणाला ताप? काही?"

"नाही होत त्रास. खराब लस म्हणजे नुसतं पाणी. टोचलेलं दुखतं, बाळ रडतं, एवढंच." तिने माझ्या टेबलावरचा पंच उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "आई घरी जाते आणि तिला वाटतं, झालं एकदाचं, आता काळजी नाही. कार्डावर सही असते ना माझी."

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला आले होते.

"दे," ती एकदम म्हणाली. "पण आधी वाचून दाखव. सगळ्यांना दाखवतेस ना?"

दाखवते. सही करणाऱ्याला वाचून दाखवायचं, हा आमच्या ऑफिसचा नियम. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, नेहमीच्या त्या भरधाव सुरात, मधे श्वास न घेता. मी अमुक, वय इतके, राहणार अमुक, शपथेवर लिहून देते की रविवारी सकाळी व संध्याकाळी मी स्वतः केंद्रात जाऊन...

आणि अडकले. रविवारी सकाळी ती माझ्या घरी होती. आम्ही दोघींनी मिळून पडदे धुतले होते. दुपारी ती माझ्याच पलंगावर पाय पसरून घोरत होती आणि मी तिच्यावर चादर टाकली होती. हे मला माहीत होतं, माहीत असून मी ते टाइप केलं होतं, एकही चूक राहू न देता.

"वाच ना," ती म्हणाली.

"नाही वाचत," मी म्हटलं. मला रडू फुटलं, ऐन ऑफिसात, कधी नव्हे ते. "नाही वाचता येत गं चिमे मला. तू सांग काय लिहू ते."

तिने सांगितलं. दोन ओळी झाल्या. रविवारी मी केंद्रात गेले नाही आणि तापमान पाहिले नाही. दोन्ही आकडे मी शनिवारी लिहिले. खाली ती नेहमीची ओळ. साहेबांना हाक मारली. त्यांनी वाचलं, तिच्याकडे बघितलं, "नीट विचार केलात?" एवढंच विचारलं आणि शिक्का मारला. पावणेपाचला मी स्वतः धावत जाऊन वरच्या ऑफिसात कागद दिला. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "उद्यापासून यांनी कामावर यायचं की नाही, ते विचारून सांगतो."

मी परत आले तेव्हा धाकटी माझ्या खुर्चीवर बसली होती. समोर सोमवारची यादी, सत्तावीस नावं, सत्तावीस नंबर. फोन कानाला. पलीकडची बाई एवढ्या जोरात बोलत होती की मला दारातच ऐकू येत होतं.

"एवढ्याशा जिवाला दोनदा टोचणार तुम्ही? तुमच्या चुकीसाठी? लाज नाही वाटत?"

"वाटते," धाकटी म्हणाली. "उद्या दहाला बाळाला घेऊन या. मी असेन की दुसरं कोणी, ते माहीत नाही. पण डोस चांगला असेल, तो बघूनच देतील."

मी यादीचा खालचा अर्धा भाग फाडून घेतला आणि माझा फोन काढला.