कोऱ्या खाकी कागदाआड

मी एक जुना कागदाचा घोडा आहे, मित्रांनो. हरभरे खाणारा नव्हे. ओतीव लोखंडाचा, दुकानाच्या फळीवर ठाण मांडून बसणारा. माझ्या पाठीवर खाकी कागदाची भली थोरली गुंडाळी असते आणि पुढ्यात दातेरी पातं. कागद ओढायचा, पात्यावर झटका द्यायचा, की पडला तुकडा. एवढंच माझं शिक्षण. पण या शिक्षणावर मी जेवढा कागद कापला तेवढा जोडला असता, तर अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडाला गळ्यापासून घोट्यापर्यंत झगा झाला असता आणि उरलेल्यात टास्मानियाला टोपरं.

म्हातारा थापा मारतो, असं तुम्ही म्हणाल. मारतो. पुढची गोष्टही थापच असती तर फार बरं झालं असतं.

माझा जन्म मेलबर्नच्या एका ओतशाळेतला. बावीस वर्षं मी गोलबर्न गावच्या खाटकाकडे मटण गुंडाळलं. तो वारला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि बेरिल क्विन्लन नावाच्या बाईनं मला उचलून कॅनबेराला, फिशविकमध्ये आणलं. फिशविकमध्ये टायरवाले, फरशीवाले, सोफेवाले आणि त्यांच्या मधोमध आमचं दुकान. आम्ही मोठ्या माणसांच्या, म्हणजे अंगावर फारसं काही नसलेल्या सिनेमांच्या व्हिडिओ-फिती विकायचो, थोडे सिनेमे स्वतःही काढायचो. शेजारच्या राज्यांत त्या विकायला बंदी, आमच्या राजधानीत मुभा, आणि टपालानं मागवायला कुणाची ना नाही. त्यामुळे साऱ्या देशाची चोरटी हौस माझ्या पात्याखालून टपालात पडायची.

बेरिल पन्नाशीची विधवा होती. शिस्तीची. तिचा एक दंडक होता: पुडक्यावर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि पाठवणाऱ्याच्या जागी ‘बी. क्विन्लन, फुलझाडांचे कंद’. आत काय आहे याचं अवाक्षर कुठं लिहायचं नाही. मागच्या खोलीतल्या फळ्यांवर ठेवलेल्या मालावरसुद्धा नाही. ‘आपण सिनेमा विकत नाही, नेव्ह,’ ती आमच्या पुडकी बांधणाऱ्याला सांगायची, ‘सिनेमा कुणीही विकेल. आपण कागद विकतो.’

एकदा बॅलराटहून एका बाईचं पत्र आलं. नवरा चार वर्षं तुमच्याकडून कंद मागवतो, परसात अजून एक फूल दिसलं नाही, तुमचा माल सडका आहे. नेव्ह हसून हसून खुर्चीतून घसरला. बेरिल हसली नाही. तिनं त्याला बाजारात पिटाळलं आणि त्या दिवसापासून लग्न झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुडक्यात डॅफोडिलचे चार कंद जायला लागले. त्या बॅलराटच्या बाईला पुढं पुष्पप्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, असं नेव्ह शपथेवर सांगतो. त्याच्या शपथेला माझ्याइतकंच वजन आहे, म्हणजे लोखंडाचं.

आमच्याकडे रोझलिन नावाची एक मुलगी होती. सगळे रोझ म्हणत. तेविसाव्या वर्षी तिनं आमच्यासाठी एका सिनेमात काम केलं होतं, आणि मग तीन वर्षं माझ्याशेजारी उभी राहून पुडकी बांधली. स्वतःचीच फीत गुंडाळताना ती नेव्हला म्हणायची, ‘जरा हळू धर, मला गुदगुल्या होतात.’ एके दिवशी मात्र ती फळीपाशी आली ती गंभीर होऊनच.

‘बेरिल, मला आता गुंडाळ.’

‘कायमचं?’

‘कायमचं. डोंगराकडच्या गावात तलावावर काम मिळालंय. पोरांना पोहायला शिकवायचं. त्यांच्या आयांनी मला पोहण्याच्याच कपड्यांत ओळखावं, एवढीच इच्छा आहे.’

आमच्या दुकानाची ही एक रीत होती. सिनेमात काम केलेल्या कुणा बाईनं हा धंदा सोडला आणि शब्द टाकला, की तिची मूळ फीत काढायची. मी दुपदरी कागद द्यायचा, बेरिलनं गुंडाळायचं, गाठ त्या बाईनं स्वतःच्या हातानं मारायची. यादीतून नाव जायचं आणि पुडकं मागच्या खोलीत सर्वांत खालच्या फळीवर. त्यानंतर एकही प्रत निघायची नाही. रोझनं गाठ मारली तेव्हा तिथं अशी सहा पुडकी होती. तिचं सातवं.

‘आणि बाहेर गेलेल्या प्रती गं?’ नेव्हनं विचारलं.

‘चारशे असतील. म्हाताऱ्यांच्या कपाटांत,’ रोझ म्हणाली. ‘ते बायकोपासून त्या इतक्या जपून लपवतात, नेव्ह, तितकं मला स्वतःलाही जमलं नसतं.’

पंधरा वर्षं ती गाठ टिकली.

मग फुकटाचं राज्य आलं, मित्रांनो. आधी गिऱ्हाइकं निम्मी झाली, मग पाव, मग माझ्या पाठीवरची गुंडाळी वर्षभर संपेना. घरबसल्या, इंटरनेटवर बोट लावलं की हवं ते, तेही फुकट. कागद नको, टपाल नको, बायकोसाठी कंद नकोत. सिनेमे काढणारे एकेक करून कुलूप लावू लागले. पूर्वी मुलीला एकदाच का होईना, मोबदला मिळायचा. आता तिनंच घरात कॅमेरा लावायचा, तिनंच दुकान मांडायचं, आणि सकाळी मांडलेलं दुपारपर्यंत कुणीतरी उचलून फुकटाच्या ढिगात टाकायचं.

‘फुकट घालाल जेवू तर सगळे येऊ,’ नेव्ह म्हणायचा. ‘स्वयंपाकीण जेवली का, हे कोण पुसतंय.’

बेरिल आता पंच्याहत्तरीची होती. डोळ्यांत मोतीबिंदू. तरी दुकान बंद करायला तयार नव्हती, कारण दुकान गेलं तर आपलं आणि नेव्हचं काय, हे तिला दिसत नव्हतं, आणि हे न दिसणं काही मोतीबिंदूमुळे नव्हतं. अशा वेळी गोल्ड कोस्टहून एक गुळगुळीत माणूस आला. फुकटच्या ठिकाणांना माल पुरवणं हा त्याचा धंदा. म्हणाला, ‘तुमचे जुने सिनेमे मला द्या. आम्ही फुकट दाखवू. लोक चवीला येतील आणि जेवायला तुमच्याकडे येतील.’

बेरिलनं दोन दिवस विचार केला आणि नेव्हला सांगितलं, ‘मागच्या खोलीतलं सगळं दे त्याला.’

पत्ता चुकून परत आलेली पुडकीही त्याच खोलीत पडलेली होती. तोच कागद, तीच सुतळी. नेव्हनं दोन खोकी भरली. ठेवणीतली सात बेरिलनं आधीच बाजूला काढली असतील, असं त्याला वाटलं. ती नेव्हला माहीतच आहेत, असं तिला वाटलं. मी फळीवरून बघत होतो. मला ओळखू येत होती, कारण दुपदरी कागद मी दिला होता. पण घोड्याला तोंड दिलेलं नसतं.

चार महिन्यांनी रोझ आली. चाळिशी ओलांडलेली, खांदे रुंद, केसांना तलावाच्या पाण्याचा वास. तिनं फोन फळीवर ठेवला; त्यावर तिचाच सिनेमा चालू होता. बेरिलनं चष्मा चढवला आणि फोन नाकाशी नेला.

‘ही इथून नाही गेली, पोरी. तुझी तर बांधून ठेवलीय.’

ती मागच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती रिकाम्या हातांनी.

‘नेव्ह, खालच्या फळीवरची पुडकी?’

‘दिली की. सगळं दे म्हणालीस.’

‘त्यातली सात...’

‘त्यांच्यावर काही लिहिलं नव्हतं, बेरिल.’

‘लिहायचंच नसतं,’ बेरिल म्हणाली आणि खाली बसली.

रोझ ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, ‘किती जणांनी पाहिली तो आकडा वाच.’

‘दिसत नाही गं मला.’

‘तीन लाख अकरा हजार. त्यातला एक आमच्या गावातला आहे. पोरीला माझ्याकडे पोहायला सोडायचा. त्यानं ती बाकीच्या आईबापांना पाठवली. पाहताना त्याला स्वतःची लाज वाटली नाही, बेरिल. माझी वाटली.’

बेरिलनं त्या गुळगुळीत माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ‘बाई, उघड्यावर सोडलेला वास कुणी बाटलीत भरू शकतं का?’ मग तिनं तक्रारी लिहायला घेतल्या. एका ठिकाणचं काढलं की पाच ठिकाणी उगवायचं. डॅफोडिलांना जे जमलं नाही ते याला जमलं. आणि चवीला आलेल्या त्या तीन लाखांतला एकही दुकानाची पायरी चढला नाही. हिवाळ्यात आम्ही दार ओढून घेतलं. मला नेव्हनं आपल्या गॅरेजात नेलं, गवत कापायच्या यंत्राशेजारी. बेरिल रोज सकाळी तिथं येते आणि नेव्हकडून तक्रारी लिहून घेते. अजून.

रोझला कामावरून कुणी काढलं नाही. नुसती पोरं येईनाशी झाली. कुणाला सर्दी झाली, कुणाची शिकवणी लागली. एका शनिवारी नेव्ह गाडी घेऊन तिकडं गेला आणि परतल्यावर गॅरेजात बेरिलसमोर बसला.

‘पाणी होतं, ती होती, गळ्यात शिट्टी होती,’ तो म्हणाला. ‘पोरं नव्हती. मी म्हटलं, घरी जा की. तर म्हणते, नऊ ते दहा माझा तास आहे, मी थांबणार.’

‘मग तू काय केलंस?’

‘काय करणार. तिथल्या रखवालदाराची चड्डी उसनी घेतली आणि उतरलो.’

‘अरे, तुला पोहता कुठं येतं?’

‘म्हणूनच तर.’

बेरिलनं पुढच्या तक्रारीसाठी कागद त्याच्यापुढं सरकवला.

मित्रांनो, तुम्ही काय पाहावं आणि काय नाही, हे मटण गुंडाळलेल्या घोड्यानं सांगू नये. पण एक मागतो. उघडं पडलेलं कुणाचं काही हाती आलं, तर ते पुढं ढकलू नका. झाकायला आता कागद उरलेला नाही; तुमचा तळहात तेवढा आहे. आणि कधी डोंगराकडच्या त्या गावी गेलात, तर शनिवारी सकाळी नऊला एखादं पोर घेऊन तलावावर जा. बाई फार चांगली शिकवते. सत्तरीचा नेव्ह एकटा किती दिवस गटांगळ्या खाणार?