खोडलेली सातवी ओळ

अप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. फालतू शब्द त्यांच्या नजरेला आला की तो जगत नसे. निवृत्तीनंतर खोडायला काही उरलं नाही, तेव्हा ती धार गाडीच्या मिस्त्रींच्या याद्यांवर चालू लागली.

गाडी जुनी, घरातली एकुलती एक. दर सहा महिन्यांनी गॅरेजातून कागद यायचा: हे बदला, ते साफ करा, त्यात तेल घाला. अप्पा चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसत आणि बरोबर निम्म्या ओळींवर निळी पेन्सिल आडवी फिरवत. सीटखालची सफाई कशाला, आपण काय तिथे राहतो? एसीला वास येतो? खिडकी उघडा. खोडलेला कागद परत जाई, मिस्त्री हसून मान डोलावत, आणि संध्याकाळी गाडी कुरकुर न करता दारात उभी राही. तीन वर्षं असंच चाललं होतं. नातेवाइकांत तर अप्पांचा दबदबा झाला होता. कुणाच्याही गाडीचा कागद आला की तो आधी त्यांच्यापुढे येई. "ह्यांना डॉक्टर केलं असतं तर निम्मे रोगच रद्द झाले असते," असं माई, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला सांगायच्या.

त्या सकाळी लेक माईंना घेऊन डोंगरापलीकडे निघाली. माईंची बहीण आजारी होती. गाडी आदल्याच दिवशी गॅरेजातून आलेली, त्यामुळे घोर नव्हता. दोघींना जाऊन दीड तास झाला असेल, तोच मिस्त्री दारात उभे. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते चार दिवस गावी होते. मागे गॅरेज धाकट्या भावाने सांभाळलं होतं. मिस्त्रींच्या हातात अप्पांनी खोडलेला कागद होता आणि पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला.

गाडी कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. अप्पांनी सांगितलं. मिस्त्रींनी दाराची चौकट धरली.

"काका, तुम्ही सातवी ओळ खोडलीत. पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप."

खोडली, अप्पा म्हणाले. दहातल्या पाच खोडतो, तशीच तीही. ब्रेक तर उत्तम लागत होता, त्यांनी स्वतः गल्लीत फिरवून पाहिलं होतं. मग जरा समजावणीच्या सुरात त्यांनी विचारलं, की इतक्या वर्षांत आपलं खोडणं एकदा तरी चुकलं का.

"बहुतेक दर वेळी चुकलं, काका."

आणि मग उभ्या उभ्याच मिस्त्रींनी सगळं ओकून टाकलं. पहिल्या खेपेला त्यांनी पाच खरी कामं लिहिली, तर अप्पांनी त्यातली अडीच उडवली. पुढच्या खेपेपासून ते दहा लिहू लागले: पाच खरी, पाच अप्पांना खोडायला. पण अप्पांची पेन्सिल खऱ्यावरच पडायची आणि खोटं शाबूत राहायचं. म्हणून ते गुपचूप खरी कामं करत आणि बिलात नाव मात्र न खोडलेल्याचं लावत. काचेच्या पॉलिशच्या नावाखाली चाकाचं बेअरिंग बदललं होतं. काका खूश, गाडी धड, कुणाचं काय बिघडलं? फक्त हे भावाला सांगायचं राहिलं. त्या बिचाऱ्याने इमानदारीने कागद वाचला. त्याने काचा चमकवल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि फुगलेला पाइप होता तसा ठेवला.

अप्पांना बसायचं होतं. खुर्ची मागेच होती, पण ती त्यांना सापडेना.

चढाला काही व्हायचं नाही, मिस्त्री म्हणाले, पण उतार लागायच्या आत त्यांना थांबवलं पाहिजे. अप्पांनी लेकीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा नंबर शोधत असताना फोन हातातच वाजला.

"अप्पा, ब्रेक खाली जातोय. दाबला की नुसताच जातोय. उतार आहे."

मिस्त्रींनी फोन काढून घेतला, आणि त्यांचा आवाज एकदम तान्ह्याला थोपटावं तसा झाला. इंजिन बंद करू नकोस, बाळ. गियर दुसरा. आता पहिला. पायाखालचा ब्रेक दाबत राहा, सोड, दाब. हँडब्रेक थोडा थोडा ओढ. डोंगराच्या बाजूला चिकटून चल, घासली तरी घासू दे. पलीकडून इंजिनाचं गुरगुरणं येत होतं आणि त्यामागे माईंचं नाम, एकाच पट्टीत, न तुटता. मग लोखंड खरवडल्याचा लांबलचक आवाज. मग काहीच नाही.

एवढी मोठी कोरी जागा अप्पांनी जन्मात वाचली नव्हती.

"थांबलो," माईंचा आवाज आला. "पोर बरी आहे. मीही आहे."

अप्पांचे हात आपोआप जोडले गेले. देवाने धरलं होतं, दुसरं काय.

मिस्त्रींच्या टेंपोतून दोघे तिथे पोचले. गाडीची एक बाजू मागपासून पुढपर्यंत सोलून निघाली होती, आरसा गायब होता. दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता. लेक दगडावर बसली होती, हात गुडघ्यांत दाबून. मिस्त्री गाडीखाली गेले, पाइप काढून आणला आणि अप्पांच्या हातात ठेवला. वाकवून बघा, म्हणाले. अप्पांनी वाकवला. रबर उकललं आणि बोटांना तेल लागलं.

"हे मी खोडलं होतं," अप्पा लेकीला म्हणाले.

"आणि मी खोट्यात मिसळून लिहिलं होतं," मिस्त्री म्हणाले.

माईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही दोघं एकमेकांचं मन राखत होतात," त्या म्हणाल्या. "गाडीत मात्र आम्ही बसत होतो."

लेक उठली. आता गाडीत खरोखर काय काय खराब आहे, तेवढंच सांगा, आणि का तेही, असं तिने मिस्त्रींना बजावलं. मिस्त्री चाकापाशी उकिडवे बसले आणि एकेक जागा दाखवू लागले. तीन कामं निघाली.

"दुसरं तर एवढ्यात," अप्पा सवयीने बोलून गेले आणि तिथेच थांबले. लेक त्यांच्याकडे बघत होती. ते गुडघा धरत खाली, चाकापाशी बसले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "दुसरं मला कळलं नाही. पुन्हा सांगा."

मिस्त्रींनी त्यांचं तेलकट बोट धरलं आणि टायरच्या झिजलेल्या कडेवर नेऊन ठेवलं.