मुला सोर्दाची पाटी आणि शंभरावा माणूस

मी मुला सोर्दा गावाची पाटी बोलतेय. सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे, शपथ घेते. तसं माझ्या अंगावर तीनच गोष्टी लिहिल्यात, गावाचं नाव, उंची आणि लोकसंख्या, आणि तिन्ही खोट्या आहेत. पण त्या सरकारने लिहिल्या. मी बोलते ते वेगळं.

मुला सोर्दा म्हणजे स्पॅनिशमध्ये बहिरं खेचर. ते खेचर कुणी पाहिलेलं नाही. हाका मारल्या असतील, त्याला ऐकू आल्या नसतील. उंची मोजायला आलेला माणूस टेकडीवर सावली बघून बसला आणि तिथलीच मोजून गेला. लोकसंख्या दर दहा वर्षांनी मोजतात आणि रंगवतात त्यानंतर दोन वर्षांनी. तेवढ्यात कुणीतरी मरतंच.

माझा जन्म सरकारी कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर हिरवा रंग, पांढरी अक्षरं. सेहेचाळीस वर्षं झाली, मी याच वळणावर उभी आहे. माझ्या अंगाला सात भोकं आहेत. इकडच्या लोकांना नवी बंदूक घेतली की आधी पाटीवर चालवून बघायची सवय. राग नाही. सातवं भोक पाद्र्याचं आहे.

आमचं न्यू मेक्सिको राज्य क्षेत्रफळात अमेरिकेत पाचवं, आणि माणसं एकवीस लाखांवर. म्हणजे जागा भरपूर, बसायला कुणी नाही. बाकी राज्याला लागतं ते सगळं आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल सूर्य आहे. राज्यपक्षी आहे, तो उडायचा कंटाळा करतो आणि रस्त्यावरून पळत सुटतो. बडीशेपेचं राज्यबिस्किट आहे. आणि आमदारांनी रीतसर ठराव करून ठरवलेला एक राज्यप्रश्नसुद्धा आहे: लाल की हिरवी? मिरची. ताट पुढे आलं की हा प्रश्न येतोच. इथलं पोर दात यायच्या आधी त्याचं उत्तर देतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या वेळी माझ्यावर एकशे चार लिहिलं होतं. पुढच्या दहा वर्षांत सात जण गेले. पाच स्मशानात, दोन आल्बुकर्क शहरात. पाचांची परत यायची शक्यता जास्त. राहिले सत्त्याण्णव. त्यातच कुठल्याशा कचेरीतून पत्र आलं: शंभराच्या आतल्या गावांना यापुढे पाटी नाही, असलेली काढून नेऊ.

पत्र आलं ते अदेलायदा लुसेरोच्या हातात. वय एकाहत्तर, गावात जन्मली, गावातच लग्न केलं, नवरा पेड्रो माझ्यामागच्या टेकडीवर पुरलेला. तिने पत्र दोनदा वाचलं आणि धाकट्या भावाला, ओनोफ्रेला म्हणाली, "पाटी गेली की गाव गेलं. मग पेड्रोला मी कुठे पुरलंय म्हणून सांगू? तेहेतिसाव्या मैलाला?"

"ताई, तीनच माणसं हवीत ना?" ओनोफ्रे म्हणाला. "माणसं आणता येतात."

ओनोफ्रे माझ्याच पायाशी मिरच्या भाजतो. खाली जाळ, वर जाळीचं पिंप, पिंपात हिरव्या मिरच्या, आणि हा दांडा फिरवत बसतो. मोजणीला विल्मा त्सोसी नावाची नवाहो जमातीची बाई आली. ओनोफ्रेने तिला सांगितलं, "बाई, घरोघरी जाऊ नका, कुत्री वाईट आहेत. इथेच बसा, गाव तुमच्याकडे येईल." माझ्या सावलीत खुर्ची टाकून तिला बसवलं. गाव आलं. दुपारपर्यंत सत्त्याण्णव नावं झाली. कुत्रीही आली होती, ती विल्माच्या पायाशी झोपली.

मग ओनोफ्रेने एस्पान्योला गावाहून मागवलेल्या जुळ्या भाच्या पुढे आल्या. "इथेच राहतो," दोघी एका सुरात म्हणाल्या. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.

शंभरावा होता गार्लंड, अदेलायदाचा नातजावई, टेक्सासचा. उंच, गुलाबी, आज्ञाधारक.

"कुठे राहता?" विल्माने विचारलं.

"इथेच, मॅडम. वर्षभर."

सगळं जमलं होतं. एवढ्यात अदेलायदा सगळ्यांसाठी राजम्याच्या वाट्या घेऊन आली आणि सवयीने गार्लंडला विचारून बसली, "लाल की हिरवी?"

गार्लंडने जरा विचार केला. "आजी, केचप आहे?"

ओनोफ्रेच्या हातातला दांडा थांबला. विल्माने मान वर केली.

"चेष्टेखोर आहे हो," ओनोफ्रे घाईने म्हणाला. "लहानपणापासून असाच."

"नाही, खरंच," गार्लंड म्हणाला. "आमच्या टेक्सासमध्ये..."

"आमच्या?" विल्मा म्हणाली.

अदेलायदा उभी राहिली. "बाई, खोडा ते नाव. हा आमच्यातला नाही."

"अगं ताई, शंभर!"

"गप रे. आणि या दोघी एस्पान्योलाच्या. त्याही खोडा."

"ताई, आता थांब, नाहीतर माझंही नाव खोडशील."

विल्माने तिन्ही नावं खोडली, सत्त्याण्णव लिहिले, राजमा संपवला आणि गेली. पुढच्या वसंतात ट्रक आला. दोन माणसांनी माझे नट काढले. अदेलायदा टेकडीवर पेड्रोपाशी उभी राहून बघत होती. तेव्हापासून मी सरकारी आवारात जुन्या पाट्यांच्या ढिगात पडून आहे आणि गंजतेय.

इथे जरा थांबते. ॲल्युमिनियम गंजत नाही. शिवाय गेल्या महिन्यात तुम्ही त्या वळणावरून गेला असाल, तर मी जागेवर उभी दिसले असेन, छातीवर शंभर लिहून. तेव्हा कबूल करायलाच हवं. ट्रक आलाच नाही. अदेलायदा खरं बोलली, तो भागही मी रचला.

झालं ते असं. "आमच्या?" असं विल्माने विचारल्यावर अदेलायदा तडक घरात गेली. ओनोफ्रेला वाटलं, काठी आणायला गेली. ती परत आली ती केचपची बाटली घेऊन. स्वतःच्या हाताने तिने केचप गार्लंडच्या राजम्यावर ओतलं. ओनोफ्रेने तोंड फिरवलं आणि दांडा जोरात फिरवू लागला.

"इथलाच आहे," ती विल्माला म्हणाली. "परक्याला मी हे दिलं असतं का?"

विल्माने वाटीतल्या केचपकडे बघितलं. मग तिने शंभर लिहिले.

पेड्रोचं गाव राहिलं. पण मी उंचावर असते, मला दिसतं. ती बाटली नवी नव्हती. अर्धी संपलेली होती, आणि अदेलायदा घरात एकटीच राहते.

म्हणून तो खरं बोलल्याचा भाग रचला. सरकारशी खोटं बोलली याबद्दल गावात तिला कुणी काही म्हणणार नाही. बाटलीचं मात्र कुठे बोलू नका, एवढी विनंती. गावाने तिला वाळीत टाकलं, तर आम्ही नव्व्याण्णव होऊ.