सहा माणसांची पाटी

तळहाताएवढी जागा, चार कोपऱ्यांना चार रिव्हेट आणि मधोमध एका माणसाचं चित्र, एवढाच माझा संसार. मी नावेच्या मागच्या फळीवर ठोकलेली पत्र्याची पाटी बोलतेय. आजवर मला बघितलं पुष्कळांनी, पण पुरतं वाचलं ते एकाच बाईनं, आणि ती बाई शाळेची पायरीही चढलेली नाही.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यातला. तिथल्या नावा परदेशी जायच्या, हौसेनं पाण्यात फिरणाऱ्या लोकांसाठी. मला ठोकताना म्हातारे मिस्त्री सोबतच्यांना सांगत, "पूर्वी प्रत्येक देशाचं शहाणपण वेगळं होतं. एका काठावर चालणारी नाव दुसऱ्या काठावर नियमात बसायची नाही. मग देशोदेशीची माणसं एकत्र बसली, वर्षानुवर्षं भांडली, आणि निदान एवढ्यावर त्यांचं एकमत झालं." एवढ्यावर म्हणजे माझ्यावर! माणसाचं चित्र आणि पुढे सहाचा आकडा. खाली माणूस आणि पिशवी, पुढे साडेचारशे किलो. शिवाय कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर, ही नाव शांत पाण्याची आहे हे सांगणारं. चित्राला भाषा लागत नाही, म्हणून कुठल्याही देशात मी मुकी ठरत नाही. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पण नशिबात परदेश नव्हता. नावेच्या बुडाला एक लांब ओरखडा निघाला, गिऱ्हाइकानं तोंड फिरवलं आणि गोंदियाच्या श्यामलाल शेठनं ती स्वस्तात उचलली. त्याला म्हणे पिकनिकची जागा काढायची होती. ती काही निघाली नाही. त्याच्या फुलचूर गावच्या गोदामामागे आम्ही दोन वर्षं उपड्या पडलो. माझ्या खाली कोंबड्यांनी अंडी घातली. सातासमुद्रापारचे नियम अंगावर घेऊन मी अंडी राखत बसले!

तिथून आम्हाला उदारामनं आणलं. त्याची धानाची शेती गावतलावाला लागून. धान निघालं की हात रिकामे, म्हणून ग्रामपंचायतीला विचारून त्यानं तलावावर नाव सुरू केली. पण त्याचा खांदा पोती वाहून वाहून निकामी झालेला, तेव्हा वल्हं आलं त्याच्या बायकोच्या, धुरपताबाईच्या हाती. उदाराम काठावर माणसं बसवायचा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून झाला की चुन्याचं बोट मलाच पुसायचा. जीव वाचवायची नारिंगी जाकिटं होती, ती लोक बुडाखाली घेऊन आरामात बसत. माणसाला मऊ वस्तू दिसली की ती कशासाठी आहे हे तो विचारत नाही.

उदारामनं मला वाचलं नव्हतं असं नाही. त्याला सहाचा आकडा कळला होता. पण चित्र मोठ्या माणसाचं, म्हणून मोजायची ती मोठीच माणसं, असं त्यानं धरलं. एसटीत लेकराला अर्धं तिकीट आणि मांडीवरच्याला तेही नाही, मग नावेत कशाला? सहा मोठी बसली की वर लेकरं चुरमुऱ्यांसारखी भरायची.

एका रविवारी अशीच सहा मोठी, पाच लेकरं आणि धुरपताबाई निघाली. पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली. "थे पाय, थे पाय, सारस!" म्हणत सगळी लेकरं एकाच अंगाला धावली. नाव कलली आणि तलाव सरळ आत आला. डिंपल नावाची चार वर्षांची पोर कमरेपर्यंत बाहेर गेली. धुरपताबाईनं वल्हं सोडलं आणि तिचा फ्रॉक धरला. नावेतल्या गंज-पातेल्यानं पाणी उपसत सगळे काठाला लागले. कुणाला काही झालं नाही. तरी धुरपताबाईची ती मूठ काठावर आल्यावरही सुटेना. शेवटी डिंपलच्या आईनं तिची बोटं एकेक करून उलगडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. धान खरेदी केंद्रावरच्या काट्यामुळे तिला आकडे येत होते. मुलीला, भूमिकाला, तिनं विचारलं, "हे खालचं काय हाय वं?"

भूमिका गोंदियाच्या कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर शोधून सांगितलं, "माणसं आन सामान मिळून साडेचारशे किलो, आई. दुसऱ्या देशातबी लोक हेच चित्र पाहून नावेत बसतेत."

"थे बसतेत त बसोत. मी तोलून पायतो."

आणि तिनं खरंच तोललं! चाळीस किलोचा एक धानाचा कट्टा, असे एकेक करून नावेत ठेवायला लावले. अकरा कट्टे झाले तरी नाव ऐटीत उभी होती, काठ पाण्यापासून वीतभर वर. "आता पुरे," भूमिका म्हणाली. पण तिच्या आईनं बारावा ठेवला, तेरावा, चौदावा. काठ चार बोटांवर आला. मग उदारामला एका अंगाला बसायला सांगितलं, तसं पाणी आत आलं आणि त्याचं धोतर भिजलं.

"अकरा म्हनजे चारशे चाळीस," धुरपताबाई म्हणाली. "पाटी खरी हाय."

त्या क्षणी मला काय वाटलं, कसं सांगू? कुठल्या कुठल्या देशांतल्या शिकलेल्या माणसांनी काढलेला आकडा एका बाईनं आपल्या धानानं तपासला आणि पास केला. पदरानं माझ्यावरचा चुना पुसत तिनं नवऱ्याला बजावलं, "आजपासून लेकरूबी मानूस आन मीबी मानूस. सहा म्हनजे सहा."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. मंडई म्हटली की घरोघर पाहुणे, आणि सोयरिकींच्या अर्ध्या गोष्टी तिथंच ठरतात. त्या वर्षी भूमिकाला पाहायला दुर्गेश आला होता. सोबत त्याची आई मंजूबाई, मामा इंद्रकुमार, मामी आणि मामाची तीन लेकरं. मुलगा भूमिकाच्या मनात भरला होता, हे तिच्या आईला ठाऊक होतं. जेवणं झाल्यावर पाहुणे कौतुकानं नावेत बसले.

धुरपताबाईनं बोट फिरवलं. "आठ होतो आपन. दोन खेपा करू, भाऊ."

"आठ कसे?" इंद्रकुमार हसला. "आमी चौघं, तुमी पाचव्या. लेकरं कोनी मोजते का? यष्टीतबी हाफ टिकट असते!"

"यष्टी पान्यात चालत नाही, भाऊ."

मामाचं हसू गेलं. "पाहुन्याले नावेतून उतरवता? सोयरीक करायची हाय का नाही?"

"बसू दे ना वं, एक दिवस," उदाराम काठावरून काकुळतीनं म्हणाला. भूमिका त्याच्या मागे खाली मान घालून उभी होती. धुरपताबाईनं वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. लेकीचं लग्न मोडलं तर गाव तिलाच बोल लावणार होतं. तरी ती म्हणाली, "करायची हाय, भाऊ. म्हनूनच म्हनतो, उतरा."

मामा लेकरं घेऊन तणतणत उतरला. मंजूबाई मात्र हलली नाही. "पाटी दाखवा मले," ती म्हणाली. वाकून तिनं मला पाहिलं, चित्रावर बोट ठेवलं, आणि सारसाची, डिंपलची, कट्ट्यांची सगळी गोष्ट ऐकून घेतली.

मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, आपल्याकडं त पंगतीतबी लेकराले येगळं पान नाही वाढत. या घरी लेकराले पुरा मानूस धरतेत. सून मले इथलीच पायजे."

आता मी जुनी झालेय. एक रिव्हेट ढिला आहे, साडेचारशेतलं शून्य घासून गेलंय. तरी तुम्ही कधी कुठल्या तलावावर नावेत बसलात, तर बसण्याआधी माझी एखादी बहीण शोधा. तिच्यावरचं चित्र बघा आणि मोजताना खाली, तुमच्या मांडीवरही बघा. एवढंच मागणं आहे.

परवाच्या मंडईला भूमिका माहेरी आली, दोन महिन्यांचं बाळ घेऊन. सासरची माणसं नावेत बसली. धुरपताबाईनं बोट फिरवलं. आपण स्वतः एक, मंजूबाई दोन, इंद्रकुमार तीन, उदाराम चार, भूमिका पाच. मग ते बोट दुपट्यातल्या झोपलेल्या बाळाच्या कपाळाला अलगद टेकलं.

"सहा."

दुर्गेश एक पाय नावेत आणि एक पाय काठावर ठेवून उभा होता. जावई तो, मंडईतला सगळ्यात मानाचा पाहुणा.

"उतर बाबू," मामाच म्हणाला. "इथं मांडीवरचंबी मोजतेत."

दुर्गेशनं हसत पाय मागे घेतला, आणि नाव सहा माणसं घेऊन निघाली.