धुतलेले फ्रॉक

बायको गेल्यापासून फिटरला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. गॅरेजमध्ये नट आवळायचा, घरी यायचा, पुढ्यात येईल ते गिळायचा. आज मेव्हणी त्याच्या लेकीला न्यायला आली होती, कायमची.

"पोरीचे मळके कपडे तेवढे धुऊन टाका, भावोजी. संध्याकाळच्या गाडीने निघू," असं सांगून ती शेजारणींचा निरोप घ्यायला गेली. तो "बरं" म्हणाला होता.

धुण्याचा ढीग मोरीत ओतून तो नुसताच बसून राहिला. शेवटी लेकच म्हणाली, "असं नाही, बाबा. आधी वाटण्या करायच्या. पांढरे इकडे, रंगीत तिकडे. तुझे कामाचे सगळ्यांत शेवटी. आई म्हणायची, त्यांना कुणाच्या पंगतीला बसवायचं नाही."

त्याने वाटण्या केल्या. पांढरे भिजवले, रंगीत भिजवले. पण हात थांबेनात. तो उठला, कपाटातल्या लेकीच्या कपड्यांच्या घड्या उचलून आणल्या आणि एकेक फ्रॉक बादलीत बुडवत गेला.

"बाबा, हे धुतलेले आहेत."

"असू दे."

"मग लाल वेगळा ठेव. रंग सोडतो तो."

त्याने लाल वेगळा ठेवला. मग लेक अंगातल्या फ्रॉकची कड धरून म्हणाली, "हाही टाकायचा?"

त्याने मान हलवली. "माझा सदरा घाल."

मेव्हणी परतली तेव्हा दोऱ्या भरल्या होत्या, खिडकीच्या गजांवरूनही पाणी ठिबकत होतं आणि बॅग रिकामी पडली होती.

"अहो, घडीचे कपडेसुद्धा? हे आता वाळायचे कधी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तो पिळतच राहिला.

"पाठवायची नव्हती तर तोंडाने सांगायचं. मी काय खाणार होते तुम्हाला?"

तसं सांगायचं होतं का, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. छातीत काही हललं नाही. शब्द मात्र आले, "नका नेऊ."

मेव्हणीने रिकामी बॅग भिंतीशी सारली. "आणि स्वयंपाक? वेणीफणी? शाळा?"

"शिकेन."

"कुणाकडून?"

त्याने ओल्या हाताने लेकीकडे बोट दाखवलं. घोट्यापर्यंत लोंबणारा सदरा सावरत ती बादलीत डोकावत होती.

"बाबा, पाणी गढूळ झालंय. बदल."

त्याने पाणी बदललं.